लाइन थांबवणारा हात

प्रिय प्रीतम,

तुझ्या निरोपाला उशिरा उत्तर देतोय. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहायला बसलो. भोसरीची खोली सोडून आम्ही रहाटणीत आलो. तुझी वहिनी म्हणते, माणूस कंपनीतून घरी येतो, पण बोलणं तिकडंच ठेवून येतो.

चाकणची खबर विचारतोस. गाड्यांच्या दारांची कुलपं जुळवणारी आपली लाइन चालू आहे. सतत चालू आहे, हेच दुखणं. उद्धवराव साहेब तुला घेऊन तळेगावच्या कारखान्यात गेले, त्याआधी इथं कुणीही दोरी ओढून लाइन थांबवली, की ते आधी "बरं केलंस" म्हणायचे, मग चूक बघायचे. तुझा रुमाल अडकून लाइन थांबली, तरी तेच म्हणाले होते. पुढे आठवडाभर आम्ही तुला 'बरं केलंस' म्हणूनच हाक मारली.

नवे साहेब शिवी देत नाहीत, आवाज चढवत नाहीत; हे नमूद केलंच पाहिजे. फक्त लाइन थांबवणाऱ्याचं नाव कॅन्टीनच्या टीव्हीवर लाल अक्षरांत लागतं. तेवढं पुरलं. पोरांनी दोरी खांबाला गुंडाळून ठेवलीय, चुकूनही हात लागू नये म्हणून. खराब कुलूप पुढच्याकडे सरकतं, तो त्याच्या पुढच्याकडे सरकवतो. जेवताना कुणी कुणाच्या डब्यात हात घालत नाही. पुस्तकं वाचून स्वतः शिकलेला मी, मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखतो म्हणून मिरवायचो. इथं माणसं आवाजच करत नाहीत, तर ओळखायचं कशावरून?

मंगळवारी मंजुषाने दोरी सोडवून ओढली. बीडकडची, कॉन्ट्रॅक्टवरची पोरगी. स्प्रिंग उलटी बसत होती. तिचं बरोबर होतं. साहेबांनी कारण विचारलं नाही. मी म्हणालो, "साहेब, मीच तिला सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "मग उद्यापासून यायचं नाही, हेही तुम्हीच सांगा."

मी नाही सांगितलं. ठेकेदाराने सांगितलं. जाताना ती म्हणाली, "काका, खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

तळेगावला उद्धवराव साहेबांनी तपासणीची एकच जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. मी यायला किती आतुर होतो, ते तुला ठाऊक आहे. आता साहेबांना सांग, त्या जागेवर मंजुषाला घ्या. मी येत नाही. सोमवारी ती तुमच्या गेटवर येईल. ही जागा कुणाची होती, ते तिला कळू देऊ नकोस. रिकामीच होती म्हण.

तुझाच,
नवनाथ