प्रोसेसर नंबर दोन, नालवाडी

३ जानेवारी १९८८
सिंदीच्या शाळेचं स्नेहसंमेलन सतराला. हेडमास्तर पुंडलिकराव (माझाच विद्यार्थी) स्वतः बोलवायला आला. गुरुजी, नवी कविता पाहिजेच, म्हणाला. दिली म्हणून समज, म्हटलं. वीस कडवी, शार्दूलविक्रीडितात. आमच्या वेळी चौथीतली पोरंसुद्धा हे वृत्त गात. खिडकीबाहेर चिंच, आत चाळीस आवाज. अहाहा!
आपल्या बोर नदीवर पहिली ओळ सुरू: ‘बोरेच्या तटि शांत नील सलिले’. यतीपर्यंत निर्दोष. उरली सात अक्षरं. तेवढ्यात दूधवाल्याची आरोळी.

४ जानेवारी
सात अक्षरं आली. ‘दूधावरी साय ही’. वृत्तात चपखल बसतात. दुःखानं खोडली.
माझी खुर्ची दाराजवळ, म्हणून येणारा प्रत्येक जण आधी मलाच हाक मारतो. या घरात काव्य होणे नाही.

६ जानेवारी
पुतण्या ओमप्रकाश रजेवर आलाय. बंगलोरला कॉम्प्युटरच्या कारखान्यात असतो. त्याच्या नव्या मशीनमध्ये म्हणे दोन प्रोसेसर, म्हणजे दोन मेंदू. डिस्क, की-बोर्ड, प्रिंटर, जो तो मध्येच दार ठोठावतो. त्याला म्हणतात इंटरप्ट. मेंदूला हातातलं काम टाकून उठावं लागतं. म्हणून कुणाची थाप कुठल्या प्रोसेसरकडे जायची, हे आधीच नेमून द्यायचं. सध्या तो हेच काम करतो.
मी टाळीच वाजवली. इतका माझा प्रश्न आजवर कुणाला समजला नव्हता.

७ जानेवारी
व्यवस्था लागू. प्रोसेसर नंबर एक: आमची सौ. देवका. तिच्याकडे दूध, पोस्टमन, गॅस, शेजारी, चंदेवाले. नंबर दोन: मी.
देवकानं विचारलं, तुमच्याकडे कोनाची थाप? मी म्हटलं, फक्त प्रतिभेची. तर म्हणते, मंग तिले चहा कोन देईन?
चहा नंबर एककडे, हे उघड आहे.

९ जानेवारी
देवकाची कुरकुर. सकाळपासून मीच उठून राह्यली, तुम्ही काऊन बसून? ओमप्रकाशनं जाता जाता तिचीच बाजू घेतली. काका, आमच्या मशीनमध्ये अगदी हाच बिघाड होता, म्हणाला. सगळ्या थापा नंबर एकवर, तो गुदमरतो आणि नंबर दोन थंड.
मी म्हटलं, नंबर दोन थंड नाही, चिंतनात आहे. पोरगा हुशार, पण कच्चा.

१२ जानेवारी
संपूर्ण शांतता. एक अक्षर नाही. कारण सापडलं: चिमण्या. चिमण्या देवकाकडे सोपवल्या. तिनं घेतल्या नाहीत.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळवाले सगळे नंबर एककडे गेले. मला एकही लाडू मिळाला नाही. व्यवस्था चोख चालली आहे.

१७ जानेवारी, दुपार
आज संमेलन. मला न्यायला शाळेची जीप येणार. अजून सात अक्षरं बाकी, मग एकोणऐंशी ओळी. होतील. दबावाखालीच मोठं काव्य होतं.
दार वाजतंय. माझं काम नाही, नंबर एक पाहील.
अजून वाजतंय. कुणीतरी कडीही आपटली. हललो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
वाजायचं थांबलं. छान.

१७ जानेवारी, संध्याकाळ
जीप आलीच नाही! गुरूची ही किंमत! पुंडलिकरावला खरमरीत पत्र लिहिणार. तेही शार्दूलविक्रीडितात.

१८ जानेवारी
घोटाळा देवकाचा. काल दुपारी ती न सांगता चक्कीवर गेली होती. (सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. मी चिंतनात होतो.) दार ठोठावून थकलेला पुंडलिकराव तिला कोपऱ्यावर भेटला. माझी लाज राखायला हिनं मला ताप आणला, पिठाचा डबा शेजारी ठेवला आणि स्वतः जीपमध्ये बसली. स्टेजवर माझ्या खुर्चीत! कविता मागितली, तर दार न उघडणाऱ्या नवऱ्यावर तिथंच चार ओळी जुळवल्या. ना वृत्त, ना यती. पोरींनी वन्समोअर दिला म्हणे. शाल तिच्याच खांद्यावर.
हल्लीच्या श्रोत्यांना काव्य कळत नाही, हे सिद्ध झालं. मी खचणारा नाही.

२१ जानेवारी
महिला मंडळानं सव्वीस तारखेसाठी हिच्याकडे कविता मागितली. आता वाटणी बदला, म्हणाली. दूध, पोस्ट, गॅस, शेजारी तूर्त माझ्याकडे. तूर्त म्हणजे तूर्त.
दार वाजलं. मी बाणेदारपणे बसून राहिलो. आतून आवाज: अवो, पाहा जी कोन आहे, मी लिहून राह्यली.
उठलो. दूधवाला. पातेलं कुठं असतं, हे विचारायला आत गेलो. ती बोटांवर अक्षरं मोजत होती.
तसाच परत आलो. दूध तांब्यात घेतलं.