फोटोतला उजवा हात

सोहार, ओमान, मार्च २००६

अम्मा, तुला आणि अब्बांना हुसेनचा सलाम.

आम्ही दोघे भाऊ ठीक आहोत. अब्बांचा खोकला थांबला का?

मुजम्मिल पत्र लिहीत नाही म्हणून रागावू नकोस. खाणीवर त्याचा उजवा हात दगडाखाली सापडला, मनगटापासून कापावा लागला. जखम भरलीय. डाव्या हाताने जेवायची लाज वाटते, म्हणून सगळे उठल्यावर जेवतो.

इथला दगड बोटीने मालदीवला जातो. तिथे एका बेटावर समुद्रात भर घालून शाळा आणि मोठा दवाखाना बांधतायत. आमचा मालक, अर्बाब, म्हणतो, गरीब बेटाचं भलं होतंय, आपल्याला सवाब मिळेल. आमच्या खाणीवर पट्टी बांधणारासुद्धा नाही. त्या दिवशी बोट भरायची होती, म्हणून मुजम्मिलला न्यायला गाडी संध्याकाळी मिळाली.

नौशीनच्या घरी यातलं काही बोलू नकोस. सोबतचा फोटो त्यांना दे, त्यात त्याचा उजवा हात खिशात आहे. सुट्टी मिळत नाही असं सांग आणि त्याचा नौशीनशी निकाह फोनवरच लावून टाका. फोनवर हात दिसत नाही.

तो म्हणतो, आधी तिला कळवा. मी त्याला गप्प केलंय. एकदा निकाह झाला की ती जाते कुठे?

तुझा,
हुसेन