फायबरच्या पत्र्यांची शेड

५ डिसेंबर १९७१, रविवार

लढाई सुरू होऊन दोन दिवस झाले. आप्पासाहेबांच्या ट्रान्झिस्टरभोवती निम्मं कोल्हार गोळा होतंय. हे फौजेत, पंजाबात सरहद्दीवर. शेवटचं पत्र दिवाळीचं.

दुपारी गोठ्यातला कडबा उचलला. खाली फायबरचे पन्हाळी पत्रे – सहा. यांनी गेल्या सुट्टीत नगरहून आणलेले. उजेड आरपार येतो, ऊन मात्र भाजत नाही. परसात लहानशी शेड करायची, पेरूची कलमं थंडीत तिच्यात जगवायची, असं ठरलं होतं. यंदा तीस कलमं केलीत. दोन आताच माना टाकून बसली. मीच बांधणार शेड.

६ डिसेंबर

मामंजी – सासरे – नाही म्हणाले. सहादेव आला की तो बांधील, तोवर पत्र्यांना हात लावायचा नाही. मी ऐकून घेतलं. आणि गोरक्षनाथ सुतारांना निरोप धाडला.

८ डिसेंबर

बाभळीच्या चार मेढी रोवल्या. आडवे वासे बांधून झाले. मामंजी दिवसभर ओट्यावर पाठ फिरवून. जेवायलाही आले नाहीत.

९ डिसेंबर

पत्रा फुटला! गोरक्षनाथांनी थेट खिळा ठोकला, हातभर चीर गेली. आधी गिरमिटानं भोक पाडायचं, मग रबराचा वायसर घालून बोल्ट आवळायचा – हे घरी असते तर यांनी सांगितलं असतं.

मामंजी आले. चिरेवरून बोट फिरवलं.

"तो आला न्हाई, तर ही शेड कुनासाठी?"

गोरक्षनाथ हत्यारं गोळा करून निघून गेले. मी तिथंच उभी. इतके दिवस घरात जो तो हेच गिळून बसला होता. आज बोललं गेलं.

१० डिसेंबर

लिहवत नाही.

१३ डिसेंबर

पलीकडच्या गावात एका घरी तार आली म्हणे. पोस्टमन रंगनाथ आमच्या गल्लीत वळला की सासूबाई उठून माजघरात जातात. आज तो वळला. दारावरून पुढे गेला.

१४ डिसेंबर

गोरक्षनाथ काही येत नाहीत. गिरमिट मागून आणलं नि मीच शिडीवर चढले. दोन पत्रे बसले. तिसऱ्याला वारं सुटलं. पत्रा हलका – वाऱ्यानं उचलला, त्याच्यासकट मी मागं कलंडले! खालून कुणीतरी पत्रा धरला. मामंजी.

"सोडत न्हाई मी. तू बोल्ट आवळ."

पाचही पत्रे होईपर्यंत जागचे हलले नाहीत. मग पाहिलं तर पत्र्याच्या कडेनं त्यांचा तळहात कापलेला. हळद दाबली. खाली बघत म्हणाले, त्या दिवशी तसं म्हणायला नको होतं. मी म्हटलं, माझ्याही मनात तेच होतं.

१७ डिसेंबर

लढाई थांबली. वेशीत फटाके, साखर वाटली. आमच्या घरी कुणी साखर घेऊन आलं नाही. काय बोलावं त्यांना कळत नसावं.

कलमं शेडमध्ये नेली. अठ्ठावीस. आत पातळ ताकासारखा उजेड. मामंजी दुपारभर तिथंच बसून होते.

२३ डिसेंबर

पत्र नाही.

२५ डिसेंबर

नाही.

२९ डिसेंबर, बुधवार

पत्र आलं! पुण्याच्या दवाखान्यातून. अक्षर दुसऱ्याचं, खाली सही यांची – वाकडीतिकडी. मामंजींना वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. जिवंत आहे, जखमा भरतायत, महिन्याभरात घरी सोडतील. मामंजी डोळे पुसत गल्लीत सांगायला गेले. सासूबाई देवापुढे बसल्या.

मधली एक ओळ मी वाचली नाही. उजवा हात कोपरापासून काढलाय.