राखेतलं नाव

बाबा,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता माझं वय जास्त झालं आहे. काल नातवाने माझ्या कानामागून नाणं काढून दाखवलं, आणि मला तुमचा हात आठवला.

जळगाव जामोदच्या मराठी शाळेत तुम्ही मास्तर, पण गाव तुम्हाला भुतं बोलावणारे मास्तर म्हणायचं. रिकाम्या पेल्यातली अंगठी विचारलेल्या प्रश्नाला टिण्णकन 'हो' म्हणायची. पसरलेल्या रुमालाखालून कुणी डोकं वर काढतंय असं वाटायचं. पण लोक यायचे ते राखेसाठी. समोरच्याने आपल्या मेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, तुम्ही ती न उघडता फाडायची, जाळायची आणि राख हातावर चोळायची. काळ्या अक्षरांत तेच नाव तिथे उमटायचं. फाडताना चिठ्ठीचा मधला तुकडा तुमच्या बोटांत राहायचा. विस्तव आणायच्या निमित्ताने तुम्ही आत यायचात, चुलीपाशी तो वाचायचात आणि साबणाच्या कोरड्या तुकड्याने हातावर नाव लिहायचात. माझ्या डोळ्यांदेखत. तरी बाहेर ओट्यावर तुमच्या हातावर ते नाव उमटलं की माझ्या अंगावर काटा यायचाच.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, तेव्हाची गोष्ट. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभारात होतं. शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी संध्याकाळी ओट्यावर चिठ्ठी लिहिली, आणि तुमच्या हातावर स्वतःच्या आईचं नाव वाचून टोपी काढून मांडीवर ठेवली. आपल्याकडे रोज भाजी घालणारी मळ्यातली बाई पाटी घेऊन गल्लीत उभी होती. तिने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चुलीपाशी भाकरी थापते आहे, आणि ती दुपारची येऊन उंबऱ्याशी बसते आहे. तिची सात वर्षांची मुलगी आदल्या साली तापाने गेली होती. तापात पाणी द्यायचं नाही असं वैद्याने बजावलेलं; पोर दोन दिवस पाणी मागत राहिली, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "म्या देल्लं नाही, मास्तर. तिले एक डाव बोलवा. तिले माहा राग आला काय, एवढंच इचारा."

मला वाटलं, आता अंगठी आणि पेला मागाल. 'राग नाही ना?' असं विचारल्यावर एकदा टिण्ण वाजलं असतं, तिला हवं ते उत्तर मिळालं असतं, ती मोकळी होऊन घरी गेली असती. तुम्ही आत आलात, फळीवरचा साबणाचा तुकडा उचललात आणि तो उघड्या तळहातावर ठेवून बाहेर गेलात.

"बाई, हे पाह्य. साबन आहे. कोनी येत नाही, मीच लिहितो. तुह्या पोरीच्या तोंडी मी माहे शब्द कसे घालू?"

ज्या गोष्टीवर तुमचं गावातलं नाव उभं होतं, ती तुम्ही भाजीवालीपुढे ठेवलीत. मला तुमचा राग आला. तेवढं एक खोटं बोलायला काय हरकत होती? ती त्या तुकड्याकडे पाहत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "मंग नाव त लिहून दाखवा. मले वाचता येत नाही. माह्या पोरीचं नाव कसं दिसते, म्या कधी पाह्यलंच नाही."

तुम्ही साबण माझ्या हातात दिलात. मी तिचा हात मांडीवर घेतला. उन्हाने रापलेला, कोपराला माती. तिने सांगितलेल्या नावाची तीन अक्षरं लिहिली, काहीच दिसेना. तुम्ही वहीचं कोरं पान जाळलंत. मी राख चोळली, आणि तिच्या हातावर तिची मुलगी काळ्या अक्षरांत वर आली. पहिलं अक्षर कोणतं, तिने विचारलं. मी बोट ठेवलं. एकेक अक्षर ती माझ्यामागून म्हणाली, मग तिन्ही मिळून, मळ्याच्या पलीकडे हाक मारावी तसं मोठ्याने. सगळं माहीत असताना, सगळं माझ्याच हाताने केलेलं असताना, मी गल्लीकडे पाहिलं, कोणी येतंय का. "चांगलं दिसते हो ताई," ती म्हणाली, आणि हात लुगड्याला लागू न देता चालत गेली.

त्यानंतर तुम्ही राखेचा खेळ केला नाहीत. ती मात्र ओट्यावर भाजीची पाटी टेकवून तुमच्याकडून बाकीची अक्षरं शिकली.

हे पत्र कपाटात साड्यांच्या खाली राहील. एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. देऊळगाव राजाला सासरी गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी सांगून टाकलं होतं की माझे बाबा खरोखरच मेलेल्यांशी बोलतात, आणि मला कोणी दुखावलं की त्यांना घरबसल्या कळतं. सासूबाईंनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या दुपारनंतर सासरी परतले, तेव्हा खरं सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.