दाजींची खबर

सालुगू, उत्तर घाना
२ फेब्रुवारी २०२५

रशीदाआपास,

मुजफ्फरचा सलाम. मी बरा आहे. अम्मीचे गुडघे कसे आहेत? तुझ्या जास्मिनची दहावी जवळ आली, तिला मोबाईल देऊ नकोस. हे पत्र एकटी असताना वाच. इथला एक गुजराती दुकानदार पुण्याला चाललाय, तो तिथून पोस्टात टाकील.

सालुगू आपल्या निमगाव केतकीएवढंच. दर सहाव्या दिवशी बाजार भरतो, खेड्यांतल्या बायका भुईमूग घेऊन येतात. बाजरी पिकते, पण भाकरी न करता पीठ शिजवून घाटा करतात. सध्या वाळवंटाकडून वारं सुटलंय, तोंडात सारखी धूळ. मी मोटारसायकलवर खेडोपाडी हातपंप दुरुस्त करत फिरतो.

फोनवर तू म्हणतेस, "ह्यांना दे जरा." मी म्हणतो, दाजी खेड्यात गेलेत, तिकडं रेंज नाही.

रेंज आहे, आपा.

अमनदाजी दोन वर्षांपासून इथून बारा किलोमीटरवरच्या खेड्यात राहतात. त्यांनी अमीना नावाच्या बाईशी निकाह केलाय. आठ महिन्यांची मुलगी आहे. ईदला त्यांच्या नावानं जास्मिनला आलेला ड्रेस मी घेतला होता.

मी त्यांच्याशी भांडलो. ते म्हणाले, "मला न्हाय यायचं आता तिकडं. तिला कायबी सांग."

मग मी कायबीच सांगत राहिलो. तुझं घर मोडू नये म्हणून, अशी मनाची समजूत घालायचो. खरं तर तुझं रडणं ऐकायची हिंमत नव्हती.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खेड्यातला पंप बिघडला, म्हणून गेलो. अमीनानं पाणी दिलं. मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुझ्या बहिणीनं तलाकनंतर दुसरं लग्न केलं का?" दाजींनी तिला तसं सांगितलं होतं. मी म्हणालो, तलाक झालेलाच नाही.

तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "मला आज कळलं. तिला कधी कळणार?"

अमीनाला शिव्या देऊ नकोस. दाजींना दे, मला दे. त्यांचा खरा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. अम्मीला तू काही सांगू नकोस, ते माझं काम.

इथली नोकरी सोडली. सव्वीस तारखेला निमगावात उतरतो. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. मी येऊन घराबाहेर उभा राहीन. दार उघडायचं का न्हाय, ते तू ठरव.

दोन वर्षं तुझ्याशी खोटं बोललेला,
मुजफ्फर