प्रतीक्षाच्या आईचा प्रश्न

धारूर, मंगळवार संध्याकाळ

आज प्रतीक्षाची आई शाळेत आली आणि मी उगाच घाबरले. प्रतीक्षा माझ्या नववीच्या वर्गातली. मी सांभाळते त्या शाळेच्या कपाटातली एक कादंबरी तिने महिनाभर ठेवून घेतली होती. परक्या ग्रहावर हवेचं यंत्र बंद पडतं आणि सोळा वर्षांची मुलगी ते दुरुस्त करायला एकटी बाहेर जाते, अशी गोष्ट. त्यातलं विज्ञान कच्चं, म्हणून मी नाक मुरडलं होतं. प्रतीक्षाने मात्र सुटलेली पानं काळ्या दोऱ्याने शिवून आणली.

"एवढं काय आवडलं गं?" मी तेव्हा विचारलं होतं.

"ती लई घाबरती मॅडम. हात कापतेत तिचे. तरी दार उघडती."

रविवारी तिला बघायला पाहुणे आले. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला शिकायचंय. आत्ता लग्न न्हाई करायचं." हे आज आईनेच सांगितलं. पाहुणे उठून गेले, चुलते अजून तिच्याशी बोलत नाहीत. आता दोष पुस्तकावर, म्हणजे माझ्यावर येणार! मी टेबलावरच्या त्या पुस्तकाच्या काळ्या दोऱ्याकडे बघत बसले. नववीत मला तरी कुठे असं बोलता आलं होतं?

"मॅडम," आई हळूच म्हणाली, "मी भाकरी करताना ती मला वाचून दाखवायची. मला वाचता येत न्हाई. त्या पोरीचं म्होरं काय झालं? दुसरा भाग हाय का?"

"शोधते," मी म्हणाले. ती फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं, मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.