सात नंबरची विहीर

प्रिय ज्ञानेश्वरी,

तुला तिकडच्या संशोधन संस्थेत कायमची नोकरी लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं. बाजारच्या दिवशी तिसगावात भेटल्या, हातावर पेढा ठेवला. फोन करायला दोनदा मोबाईल घेतला आणि ठेवून दिला. लिहिलेलं बरं.

इकडे आपला प्रकल्प बंद झाला. दोन्ही सरकारांचा करार मार्चमध्ये संपला आणि तिकडच्यांनी पुढं सही केली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. दोन ओळींचा ईमेल आला, त्यात आम्हा सहा जणींचे आभार होते. सात वर्षं दर सोमवारी विहिरींत टेप सोडून पाणी मोजलं, ते एकदम थांबलं. ऑफिसच्या खोलीत आता खताच्या गोण्या आहेत. पप्पा म्हणतात, मिशनच्या शाळेत जागा निघेल. बघू.

सात नंबरच्या विहिरीचे आपले गहिनीनाथबाबा जानेवारीत गेले. तुझी प्रबंधाची परीक्षा तोंडावर होती, म्हणून कळवलं नाही. उपसा न होणारी विहीर द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तूच मला त्यांच्या बांधावर घेऊन गेलीस. मातीत काडीनं रेघा ओढून तू त्यांना सांगितलंस की या एका विहिरीवरून दोन देशांचे शास्त्रज्ञ जमिनीखालचं पाणी ओळखणार आहेत. बाबांनी त्याच दिवशी विहिरीवरची मोटार काढून घरात नेली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, दोन सरकारांची हीर हाय ही. तू परदेशी निघालीस तेव्हा शेंगांचं गाठोडं घेऊन स्टँडवर आले होते.

परवा विहिरीवरची पाटी काढायला गेले. बाबांच्या साळूबाई एकट्याच होत्या. मी म्हटलं, आता विहीर तुमची, खुशाल मोटार बसवा. 

"मोटार तवाच बसवली हुती, बाई," त्या म्हणाल्या. "तेवीसच्या दुष्काळात. गाय गाभण हुती, टँकर आठ-आठ दिस येत न्हवता. तू सोमवारी यायचीस म्हनून धनी ऐतवारी काढून ठिवायचे. दोन सरकारांना दिलेला शबुद मोडला, ह्येच घोकत गेले."

 मी चहा घेतला आणि निघाले.

मी वहीत उतरवलेली मापं खरी आहेत, ज्ञानेश्वरी. पण प्रत्येक मापापुढं 'उपसा नाही' असं लिहून मी सही केली, ती खोटी आहे. त्या उन्हाळ्यात विहिरीच्या काठाशी एकदा ओल दिसली होती. मी विचारलं नाही. त्या घरात मला लेकीसारखं जेवू घालत होते.

कुणी उपसत नसताना सात नंबरची विहीर अकरा फूट खाली गेली, म्हणजे वरच्या वस्तीच्या शेतीच्या बोअरवेल तिचं पाणी ओढतात, असं तू प्रबंधात मांडलंस. तेच दोन्ही सरकारांच्या अहवालात गेलं. त्या अहवालावर बोट ठेवून जिल्ह्यानं वरच्या वस्तीला पिण्याच्या पाण्याची नवी बोअरवेल नाकारली. तिथल्या बायका अजून घाट उतरून हंडे नेतात. त्यातली चांगुणा माझ्या वर्गातली. वाटेत भेटली की मान वळवते. माझा तिच्यावर राग नाही.

हे कळवावं तर ऑफिसच उरलेलं नाही. म्हणून महिनाअखेरीला मी जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन वस्तीसाठी लेखी देणार आहे, साळूबाईंच्या अंगठ्यासकट. माझ्या सहीचंही लिहीन. त्यात तुझ्या प्रबंधाचा उल्लेख टळणार नाही. त्याआधी तू स्वतः तिकडं सांगावंस, एवढ्यासाठी हे पत्र. नोकरी राहील की जाईल, मला ठाऊक नाही. तू मला थांब म्हणालीस तर मी थांबेन की काय, याची मला भीती वाटते. म्हणून एवढं कर, उत्तर लिहू नकोस.

अजूनही तुझीच,
मरिया